फवारणीवाले मामा

“कपाशीला कळू द्यायचं न्हाई,” असं म्हणून ते पंप पाठीवर घेत. गवताचं औषध मारायचं असलं की झरीच्या शिवारात सगळे त्यांनाच बोलवत, आणि सगळे त्यांना मामा म्हणत. तेलाचा कॅन कापून त्यांनी नोझलला टोपी केली होती. ती जमिनीलगत धरून ते कपाशीच्या दोन ओळींमधून चालत. चार दिवसांनी तण पिवळं पडे आणि कपाशीच्या पानावर डाग नसे. साधी कपाशी त्या औषधाच्या शिंतोड्यानेही करपते, हे तुमच्यापैकी ज्यांनी शेती केली त्यांना सांगायला नको.

वारा उठला की पंप उतरवून ते बांधावर बसत.

“मामा, अर्धं रान राहिलंय,” मी म्हणायचो.

“राहू द्या की, सर. वारा काय तुमच्या शाळंतला हाय का, घंटा वाजली की गप बसायला?”

मग चोर बीटी आली. पाकिटावर नाव नाही, पावती नाही, सरकारची परवानगी तर नाहीच. पण ही कपाशी गवताचं औषध सोसायची. वरून कसंही मारा, गवत मरे आणि कपाशी उभी राही. मीही ते बियाणं लावलं. मामांनी त्या रानातही टोपी लावूनच फवारलं.

“आता कशाला एवढं जपता?” मी विचारलं.

“हाताला वळण हाय, सर. ते मोडलं तर दुसऱ्याच्या साध्या कपाशीत घात व्हईल.”

तिसऱ्या वर्षी केना मरेना. निळ्या फुलांचं, जमिनीवर पसरणारं हे तण. बाकीचं गवत वाळल्यावर त्याला रान मोकळंच मिळालं. आम्ही दरवर्षी तेच औषध मारत होतो. त्यातून जे वाचलं, त्याचंच बी पडत गेलं. हे मी वाचलेलं होतं. गावाने मात्र सोपं कारण शोधलं. माझ्या बांधाला लागून रान असलेला शेजारी खताच्या दुकानासमोर चार लोकांत म्हणाला, “मामा, औषध आमच्या रानात मारता, का अर्धं घरी नेऊन इकता?”

लोक हसले. मामाही हसले. त्यानंतर त्यांना बोलावणी कमी झाली.

एका सकाळी ते माझ्याकडे आले. “सर, बाटली तुमी फोडा, माप तुमी टाका. मी नुस्ता मारतो.”

रानाच्या एका कोपऱ्यात आम्ही तसं केलं. दहा दिवसांनी दोघं बघायला गेलो. बाकी गवत वाळलं होतं. केना जरा पिवळा पडून पुन्हा फुटला होता. मामा उकिडवे बसले, एक पान चिमटीत धरून बघत राहिले.

“ह्यो भीतच न्हाई औषधाला.” मग माझ्याकडे न बघता म्हणाले, “दुकानापुढं एवढं सांगताल का? माझं कोन ऐकायलंय?”

“सांगतो,” मी म्हणालो.

चार लोकांत बोलणं मला जमत नाही. त्यात शेजाऱ्याशी बांधाला बांध. बाजारच्या दिवशी सांगू, पोळा झाल्यावर सांगू, असं करत राहिलो. दिवाळीच्या आधी मामा गेले. आदल्या दिवशीपर्यंत हिंडत-फिरत होते.

यंदा केना सगळ्यांच्याच रानात आहे. “औषधातच दम राहिला न्हाई,” शेजारी परवा दुकानासमोर सहज म्हणाला. सगळ्यांनी माना हलवल्या. मामांवर आळ घेतल्याचं कुणाला आठवत नव्हतं, त्यामुळे तो मागे घ्यायचाही राहिला. मी खताची पिशवी उचलून घरी आलो.

गेल्या आठवड्यात माझ्या रानात खुरपायला बायका आल्या. त्यांत मामी होत्या. उपटलेला केना तिथंच टाकला तर त्याच्या कांड्यांना पुन्हा मुळं फुटतात, म्हणून त्या तो पाटीत भरत होत्या. मी जवळ गेलो.

“मामी, मामांनी औषध चोरलं नव्हतं. मी स्वतः पाहिलंय.”

त्यांचा हात थांबला नाही. “मला ठाव हाय, सर,” त्या म्हणाल्या. “मला कशाला सांगायलाव?”

आणि पाटी डोक्यावर घेऊन त्या बांधाकडे गेल्या.