कुठवर आलास?

ताईचा फोन मी उचलला नाही. तीनदा आला आणि तिन्ही वेळा मी तो उलटा करून टेबलावर ठेवला. मंगळवार होता, सकाळचे सव्वादहा. डँडेनॉन्गच्या आमच्या कारखान्यात आठवड्याची मीटिंग चालली होती आणि कुठली ऑर्डर का उशिरा जाणार आहे, हे मी नेहमीच्या आत्मविश्वासाने सगळ्यांना पटवत होतो. पण मीटिंग हे खरं कारण नव्हतं. तिने दोन महिन्यांपूर्वी डार्विनहून पोस्टाने पाठवलेलं पुस्तक माझ्या उशाशी तेविसाव्या पानावर पालथं पडलं होतं, आणि ताईचा फोन म्हणजे पुस्तकाची चौकशी, हे मला शाळेतल्या गृहपाठाइतकं पाठ होतं. तिसऱ्या वेळी लाज वाटली म्हणून टेबलाखाली मेसेज टाइप केला, ‘मीटिंगमध्ये आहे गं. पुस्तक संपत आलंय. फार छान आहे. संध्याकाळी बोलू.’ लगेच दोन निळ्या खुणा उमटल्या. उत्तर आलं नाही. मला वाटलं, चला, सुटलो.

थोड्या वेळाने शुभाचा, माझ्या बायकोचा, फोन आला. “अरे, तू फोन का उचलत नाहीयेस? दाजी मघापासून करतायत तुला.”

“दाजी कुठे, ताईचा होता.”

“ताईच्या फोनवरून दाजीच करत होते. विनू... ताई गेली.”

“कुठे?” मी विचारलं.

खरंच, हेच विचारलं मी. पन्नाशी उलटलेला माणूस, आईवडिलांपैकी एकाला पोचवून आलेला, आणि ‘गेली’ या शब्दाचा अर्थ मला कळेना. शुभाने पुन्हा नुसतं ‘विनू’ म्हटलं, तेव्हा कळला. सकाळी ड्यूटीला निघताना ताईने गाडीचं दार उघडलं, पर्स आत ठेवली आणि दाराला धरून खाली बसली. एवढंच. आजारपण नाही, निरोपानिरोपी नाही. दाजी डबा घेऊन मागून येत होते, तोवर संपलं होतं. चौपन्न वर्षांची बाई. आदल्या रात्री तिने फॅमिली ग्रुपवर कैऱ्यांचा फोटो टाकला होता. मी त्याला अंगठा दिला होता.

आज पाच आठवडे झाले. अजूनही मी मधेच थांबतो आणि तो दिवस पुन्हा पहिल्यापासून लावून बघतो, जणू कुठेतरी एखादी चूक सापडेल आणि सगळं परत जागेवर येईल. तसं काही होत नाही. चूक सापडते ती माझीच.

ताई म्हणजे उज्ज्वला, माझी मावसबहीण, माझ्यापेक्षा दोन वर्षांनी मोठी. सांगलीला मावशीच्या घरी जूनमध्ये आम्हा सगळ्या भावंडांच्या वह्यापुस्तकांना खाकी कव्हरं घालायचं काम तिचं असायचं. गुडघ्याखाली पुस्तक दाबून कोपरे असे दुमडायची, की मार्चपर्यंत कागद हलायचा नाही. लग्न होऊन ती दाजींबरोबर डार्विनला आली. दाजी गॅस प्लांटवर, ती हॉस्पिटलात वॉर्ड क्लार्क. देश बदलला, पण खाकी कागद काही सुटला नाही. तिच्याकडून येणारं प्रत्येक पुस्तक, मराठी असो की इंग्रजी, खाकी कव्हरात यायचं. वर नाव नाही, लेखक नाही, चित्र नाही. फक्त ज्याला द्यायचं त्याचं नाव, काळ्या मार्करने. “कव्हर बघितलं की लोक लगेच म्हणतात, हे लहान मुलांचं, हे बायकांचं, हे म्हाताऱ्यांचं,” ती म्हणायची. “आधी आत तर जा.”

त्यामुळे कुणाला काय मिळेल याचा नेम नसे. आई सांगलीहून सहा महिने आमच्याकडे राहायला आली होती, तेव्हा ताई ख्रिसमसच्या सुट्टीत तिला भेटायला आली आणि एक खाकी पुस्तक तिच्या हातात देऊन गेली. आईने आयुष्यभर पोथ्यांपलीकडे काही वाचलं नव्हतं. चार दिवसांनी फॉस्टर स्ट्रीटवरच्या किराणा दुकानात आम्ही भेंडी निवडत होतो आणि आई दुकानदाराने दिलेल्या खुर्चीवर बसून वाचत होती. मंडळातल्या एक काकू आल्या, खाकी कव्हर बघितलं, भक्तिभावाने वाकून पुस्तकाला नमस्कार केला आणि हळूच विचारलं, “कितवा अध्याय, मावशी?” आई मान वर न करता म्हणाली, “तिसरा खून झालाय. जरा थांबा.”

माझ्या बाबतीत मात्र तिची सगळी विद्या फुकट गेली. मी वाचत नाही. वाचायचं आहे, वाचेन, वाचणारच आहे, या तीन काळांत माझं वाचन चालतं. ताईला मी हे कधी सांगितलं नाही. तीही ‘वाचलंस का?’ असं कधी विचारायची नाही. तिचा प्रश्न ठरलेला, “कुठवर आलास?” आणि मी ठोकून द्यायचो. “निम्मं झालं.” “शेवटाकडे आलोय.” पुस्तकाबद्दल पुढे काही विचारलं, तर माझं एकच उत्तर, “छान आहे.” हा शब्द तिला अजिबात चालत नसे. “छान चहा असतो, विनू. पुस्तकाचं दुसरं काहीतरी सांग.” मग मी मीटिंग, ट्रॅफिक, लेकीची, सईची, परीक्षा, जे हाताला लागेल ते पुढे करायचो आणि ती म्हणायची, “बरं, सावकाश.”

एकच पुस्तक मी पूर्ण वाचलं, त्याची गोष्ट सांगतो. मधे एकदा माझी नोकरी गेली होती. सकाळी सगळे घराबाहेर पडले, की मी किचन टेबलाशी लॅपटॉप उघडून बसायचो आणि दुपारपर्यंत काहीच करायचो नाही. त्या दिवसांत ताईचं पार्सल आलं. माझ्या नावाचं पुस्तक इतकं बारीक, की मला वाटलं बिल आहे. उघडलं तर पानापानावर चित्रं आणि खाली एकेक ओळ. एक म्हैस तळ्यात जाऊन बसते आणि बाहेर यायला तयार नसते. मी तडक फोन लावला.

“ताई, अदलाबदल झाली. सईचं मला आलंय.”

“सईचं सईलाच आलंय. ते जाड आहे ना, नदीवर पूल कसे बांधतात त्याचं, ते तिचं.”

“ती अकरा वर्षांची आहे! आणि मला हे बाळांचं? पंधरा पानांत संपतं गं.”

“मग एवढं तरी पुरं होईल तुझं,” ती म्हणाली आणि खो-खो हसली.

रागाने तीन दिवस मी ते फ्रीजवर टाकून ठेवलं. चौथ्या दिवशी वाचलं. गावातले सगळे येऊन म्हशीला ओरडतात, हिरवा चारा दाखवतात, दोरी टाकतात. शेवटी एक मुलगी येते आणि काठावर नुसती बसते. काही बोलत नाही. संध्याकाळ होते, म्हैस उठते. बस, संपलं. मी किचनमध्ये एकटाच बसून ते नऊ वेळा वाचलं. ताईला मात्र सांगितलं नाही. मोठ्या माणसाने म्हशीवरून रडल्याचं फोनवर कसं सांगणार? एवढं एकच खरं सांगण्यासारखं होतं, आणि तेवढंच राहून गेलं.

त्या मंगळवारी संध्याकाळच्या विमानात बसलो. साडेचार तास मी पुढच्या सीटच्या पाठीकडे बघत होतो. डार्विनला उतरून फोन चालू केला आणि तो हातातच वाजला. स्क्रीनवर ‘ताई’. मी उचलला, आणि त्या क्षणी, देवाशपथ सांगतो, मला वाटलं की सगळी भानगड मिटली. पलीकडून दाजींचा घोगरा आवाज आला.

“कुठवर आलास?”

“तेवीस,” मी म्हणालो.

 मग दाजी म्हणाले, “तेवीस नंबरचं गेट? विनू, एवढी गेटं आहेत कुठे इथे? मी बाहेरच उभा आहे.”

पुढचे चार दिवस घरात माणसं येत-जात होती. डार्विनच्या पावसाळ्यात भिंतींनाही घाम फुटतो, त्यात घर गच्च भरलेलं. मराठी घरं मोजून आठ-दहा, पण आलेल्यांत हॉस्पिटलातल्या नर्सेस होत्या, समोरचा बोट दुरुस्त करणारा म्हातारा होता, सुपरमार्केटमधली कॅशियर होती. आणि बहुतेकांच्या हातात एकेक खाकी पुस्तक. ते परत कुणाला द्यायचं हे कुणालाच कळत नव्हतं. दारात चपला काढायच्या, आत यायचं, दाजींचा हात धरायचा आणि पुस्तक पुढे करायचं. तो म्हातारा म्हणाला, “आय हॅव्हंट फिनिश्ड इट, मेट. सॉरी.” दाजींनी पुस्तक त्याच्याच हातात परत दिलं. “कीप इट. फिनिश.” मग प्रत्येकाला तेच सांगत राहिले. राहू दे, संपवा.

चौथ्या दिवशी दुपारी दाजी म्हणाले, “विनू, सरबताला बर्फ काढ जरा.” मी फ्रीजर उघडला. मटार, खवलेलं खोबरं, आणि त्यांच्या शेजारी झिपच्या पिशव्यांत बंद केलेली खाकी पुस्तकं, उभी रचलेली. मला माहीत होतं हे. डार्विनच्या दमट हवेत पुस्तकांना कसर लागते, म्हणून ती जुनं विकत घेतलेलं प्रत्येक पुस्तक आठवडाभर फ्रीजरमध्ये ठेवायची, मग एक दिवस पिशवीसकट बाहेर, आणि मगच कव्हर नीट आहे ना ते बघून पोस्टात. फोनवर शंभरदा ऐकलेलं होतं. पण डोळ्यांसमोर तिचं अक्षर असं गोठून उभं राहील, याची तयारी नव्हती. सई. विनू. त्यामागे आणखी एक. मनोहर.

“दाजी,” मी हाक मारली. “तुमच्या नावाचं आहे.”

ते आले. बराच वेळ फ्रीजरचं दार उघडं राहिलं आणि आमच्या पायांवर गार वाफ उतरत राहिली. “अठ्ठावीस वर्षांत तिने मला एक पुस्तक दिलं नाही,” ते म्हणाले. “बघायला गेलो तेव्हाच मी सांगितलं होतं, मी वाचत नाही. ती म्हणाली, बरं. त्यानंतर विषय नाही.” पिशवी हातात घेऊन ते उलटसुलट बघत राहिले. “आता काय म्हणून काढलं असेल हिने...”

मला राहवलं नाही. तिथेच, बर्फाचा ट्रे हातात धरून, मी सगळं ओकलो. तेवीस पानं, तीन न उचललेले फोन, टेबलाखालचा मेसेज. दाजी ऐकत होते. मग म्हणाले, “तुझा मेसेज आला तेव्हा फोन माझ्या हातातच होता. ॲम्ब्युलन्सवाले समोर उभे. मी वाचलं, ‘फार छान आहे’, आणि... हसू आलं रे मला. खरंच हसलो मी. ते लोक बघायला लागले. रोज सांगायची ना ती मला, विनू छान म्हणाला की समजावं, उघडलंच नाही.”

म्हणजे तिला माहीत होतं. एवढी वर्षं. माहीत असून दर वेळी मार्करने माझं नाव लिहीत होती, पोस्टाच्या रांगेत उभी राहत होती आणि ‘बरं, सावकाश’ म्हणत होती. काठावर बसलेली ती मुलगी कोण, हे मला तिच्या स्वयंपाकघरात, बर्फाचं पाणी मनगटावरून ओघळत असताना कळलं. माझी अक्कल ही अशी दीड तास मागे चालते, डार्विनच्या घड्याळासारखी.

सईचं पुस्तक मी घेऊन आलो. ती सोळा वर्षांची आहे, मराठी अक्षर लावत लावत वाचते आणि आमच्याशी इंग्लिशमध्ये बोलते. पिशवीवर हात ठेवून नुसती बसली होती. मग म्हणाली, “डॅड, शी नेव्हर आस्क्ड इफ आय लाइक्ड इट. ओन्ली हाउ फार.” आणि आत जाऊन तिने दार लावून घेतलं.

माझं पुस्तक मात्र मी फ्रीजरमध्येच ठेवून आलो. आधीचं संपल्याशिवाय पुढचं नाही, हा ताईचा नियम. आजवर मी तो थापा मारून मोडत आलो, आता हिंमत नाही. त्या पालथ्या पडलेल्या पुस्तकात मी रोज सकाळी कारखान्याच्या पार्किंगमध्ये दोन-तीन पानं पुढे सरकतो. कधी वाटतं भराभर संपवावं, कधी वाटतं संपूच नये. हे संपलं की फ्रीजरमधलं एकच उरतं, आणि त्याच्यामागे काही नाही.

दाजींनी ताईचा फोन बंद केलेला नाही. सगळ्यांचे नंबर त्यातच आहेत, ते म्हणतात. रोज दुपारी जेवणाच्या सुट्टीत माझा फोन वाजतो आणि स्क्रीनवर ‘ताई’ उमटतं.  मी पहिल्या रिंगला उचलतो.

“कुठवर आलास?”

“एकशे बारा. तुम्ही?”

पलीकडे चष्मा शोधल्याचा, खाकी कागद चुरचुरल्याचा आवाज येतो.

“नऊ,” दाजी म्हणतात. “पण खरे नऊ.”