एकाच गोळीची दोन माणसं

पहिल्या भेटीत बिरूआबांनी माझं नाव विचारलं नाही. मिरजेच्या दवाखान्यात बाकावर शेजारी येऊन बसले, पागोटं मांडीवर ठेवलं आणि माझ्या डोळ्यांखाली निरखून बघू लागले. मला रागच आला. तोच म्हणाले, "सूज हाय. तुमीबी तीच गोळी खाताय व्हय?"

आम्हा दोघांच्या पोटातली ही कॅन्सरची गाठ क्वचितच कुणाला होते. नेहमीचं केमो तिला लागू पडत नाही. नेमकी तिलाच धरणारी एक गोळी असते, ती रोज जेवणावर घ्यायची. सांगलीत माझ्या नात्यागोत्यात कुणाला या आजाराचं नावही धड घेता येत नाही. नवरा गेलेला, मुलगी बंगळुरात. त्यामुळे आटपाडीकडचे हे मेंढपाळ मला सख्ख्या भावासारखे वाटू लागले. तपासणीला आम्ही एकच दिवस धरायचो. पायात गोळे आले की काय करायचं, मळमळ कशाने थांबते, तासन् तास तेच बोलायचो.

"घरात मी तोंड उघडलं की पोरं मोबाईल बगत्यात," ते म्हणायचे. "मेंढरं तरी कान हलवत्यात."

मग ते यायचेच बंद झाले. फोन लावला तर कळप घेऊन कोकणात उतरलेले.

"गाठ बारीक झालीया ताई. गोळी सोडली."

"कुणाला विचारून?"

"इचारायचं काय त्यात? मेंढरू रवंथ कराया लागलं की आमी औषध बंद करतो."

जन्मात कुणाला झापलं नसेल तसं मी त्यांना झापलं. "आबा, तुम्ही मेंढरू नाही. ही गोळी गाठीला नुसती दाबून धरते. हात काढलात की ती उठणार."

पलीकडे मेंढरांच्या गळ्यातल्या घंटा वाजत होत्या. मग म्हणाले, "लय दिसांनी कोण तरी वरडलं बगा."

ते परतले, गोळी सुरू केली. पण तोवर गाठ लिव्हरमध्ये पोचली होती. डॉक्टरांनी दुसरी गोळी दिली, तीही पुरी पडली नाही. शेवटच्या भेटीत म्हणाले, "ताई, तुमी सोडू नगा. बरं वाटलं म्हणून मी फसलो."

"नाही सोडणार. पण मी बोलू कुणाशी, आबा?"

ते माझा नंबर येईपर्यंत शेजारी बसून राहिले.

ते गेल्याचं त्यांच्या सुनेनं फोनवर कळवलं.

परवा मी तपासणीला गेले होते. माझी गाठ आणखी आक्रसली आहे, डॉक्टर खूश होते. बाहेर आले, तर ही बातमी सांगायला अख्ख्या मिरजेत माझं एकही माणूस नव्हतं.