खांद्याच्या मापाने आवळलेले नट

ट्रॅक्टरमागे ओढून ढेकळं फोडणाऱ्या तव्यांच्या हॅरोला एक मोठा नट असतो. ओळीने लावलेले सगळे तवे ज्या दांड्यावर बसतात, त्याच्या टोकाला. मुठीएवढा हा नट ढिला राहिला तर तवे डुलतात, दांडा झिजवतात आणि एखाद्या दिवशी चालत्या कामात सगळं सुटून बाहेर येतं. मिस्त्री असे नट बत्तीस वर्षं आवळत आले होते. एकही सुटला नव्हता. या हंगामात मात्र दोन सुटले.

दुसरा परत आला तेव्हा मिस्त्री शेड उघडून नुकतेच झाडू मारत होते. भाड्याने मशागत करून देणारी ताई स्वतः ट्रॅक्टर चालवत हॅरो घेऊन आली.

"काका, तीन आठवडे झाले फक्त. आता नटसुद्धा गिऱ्हाइकाचं तोंड बघून आवळता का?"

"नटच हलका आला असेल," मिस्त्री म्हणाले.

"मागच्या खेपेला दुसऱ्या कुणाचा सुटला तेव्हा म्हणे वायसर हलका होता. आता नट हलका. पुढच्या खेपेला जमीन हलकी म्हणाल." मग ती हसायची थांबली. "हॅरोच्या मागे दगड उचलत माझा भाऊ चालतो. तवा सुटला तर त्याच्या पायावर येईल. एवढं लक्षात ठेवा म्हणजे झालं."

ती गेली. मिस्त्री हॅरोच्या चौकटीवर बसून राहिले. 

नट हलका नव्हता, हे त्यांना ठाऊक होतं. पहिला सुटला तेव्हाच त्यांनी दोष हत्यारांवर ढकलला होता. नटावर चढवायच्या जुन्या सॉकेटचे कोपरे गोल झाले म्हणून नवं सॉकेट आणलं. घणाने ठोकायचा पाना आणला, त्याने नटाच्या कडा उडाल्या. शेजारच्या पंक्चरवाल्याकडून हवेची गन आणली, पण त्याचा कंप्रेसर एवढासा. गन नुसती खडखडली आणि दमली. शेवटी पुन्हा आपला लांब दांड्याचा पाना आणि त्यावर चढवलेला पाच फुटी पाइप.

टूल्सचं दुकान जावयाचंच होतं, दोन गल्ल्या सोडून. जोर मोजायचा काट्याचा पाना घ्या, असं तो लग्नापासून सांगत होता. "माझा काटा अंगातच आहे, जावईबापू," म्हणून मिस्त्री विषय उडवून लावत. ते थट्टेने म्हणत, पण खरंच तसं होतं. पाइपावर सगळं वजन टाकायचं, आणि उजव्या खांद्याच्या मागे बारीकशी कळ आली की थांबायचं. कळ आली म्हणजे नट बसला. हे माप त्यांना कुणी शिकवलं नव्हतं आणि त्यांनीही कुणाला सांगितलं नव्हतं. फक्त बायकोने ते बघून ओळखलं होतं.

दुपारी ती डबा घेऊन आली तेव्हा मिस्त्री ताईच्या हॅरोचा नट नव्याने आवळत होते. उलट्या ठेवलेल्या क्रेटवर बसून ती बघत राहिली. मिस्त्रींनी पाइपावर वजन टाकलं, ओठ आवळले, थांबले.

"झालं पण?" ती म्हणाली.

"कळ आली."

"आताशा लवकरच येते तुम्हाला. परवा पाण्याची बादली उचलतानाही आली होती."

ती सहज बोलून गेली आणि डबा उघडायला लागली. मिस्त्रींचा हात पाइपावर तसाच राहिला. जेवण त्यांनी कसंबसं उरकलं. मग हात धुऊन जावयाच्या दुकानात गेले.

जावई काट्याचा पाना आणि डब्याएवढी गिअरची पेटी घेऊन शेडमध्ये आला. त्याने काट्याचा पाना पेटीला जोडला आणि पेटी नटावर बसवली. "इकडून एक किलो जोर लावला की तिकडे पाच होतात, मामा. काट्यावर वीस आलं म्हणजे नटाला शंभर. कंपनीच्या पुस्तकात शंभरच लिहिलंय." त्याने पाना हळूहळू ओढायला सुरुवात केली. काटा अकरावर गेला आणि नट सरकला.

"म्हणजे पंचावन्न," जावई हळूच म्हणाला.

"खांदा कधीपासून दुखतोय?" बायकोने विचारलं. उत्तर तिलाच ठाऊक होतं. "कापणी सुरू झाली तेव्हापासून."

कापणीपासून हाताखालून गेलेली यंत्रं मिस्त्रींनी मनातल्या मनात मोजली. ताईचा हॅरो सोडून आणखी सात; आधी परत आलेलं यंत्रही पुन्हा खांद्याच्याच मापाने आवळलं होतं.

"एकेकाला फोन करून बोलावून घेऊ," जावई म्हणाला. "नेहमीची तपासणी आहे म्हणू. कारण कशाला सांगायचं?"

"वाटेतच सुटला तर?" मिस्त्री म्हणाले. "आपणच जायचं."

ताईचा नट शंभराला आवळून ते निघाले. पहिलं घर म्हाताऱ्या मळेवाल्याचं. हॅरो अंगणातच उभा होता. मिस्त्रींनी पेटी लावली. काटा बारापर्यंतही पोचला नाही आणि नट फिरला. मग वीस येईपर्यंत त्यांनी तो आवळला. मनगटाचंच काम होतं, खांद्याला कळलंसुद्धा नाही. एवढं सोपं असावं याचं त्यांना बरं वाटलं नाही.

"घट्ट होता ना?" मळेवाल्याने विचारलं.

जावयाने सासऱ्यांकडे पाहिलं. हो म्हटलं असतं तर तिथेच मिटलं असतं.

"नव्हता," मिस्त्री म्हणाले. "चूक माझी. माझा खांदा गेलाय, त्यामुळे नट अर्धाच आवळला जात होता. मला उशिरा कळलं."

मळेवाल्याने वाकून नटावर बोट फिरवलं. "परवा नातू बसला होता याच्यावर," तो म्हणाला. रागावला नाही, पण बसाही म्हणाला नाही. मग त्याने गोठ्याकडे बोट केलं. "तिकडे रोटाव्हेटर आहे. तोही तुमच्याच हातचा. आलाच आहात तर बघून घ्या."

जावयाने पेटी उचलली. मिस्त्री त्याच्या मागोमाग गोठ्याकडे निघाले.