काउंटेस म्हणू नका
सिंगापुरातल्या वन-नॉर्थ भागातल्या आमच्या संशोधन केंद्रात माझ्या शेजारच्या टेबलावर एक पोलिश बाई बसतात. साठीच्या आसपास, कामाला कडक. एका व्याख्यानाच्या निमंत्रणपत्रिकेवर त्यांच्या नावाआधी ‘काउंटेस’ छापून आलं. आयोजकांनी इंटरनेटवर त्यांचं घराणं शोधून काढलं होतं.

बाईंनी तिथल्या तिथे फोन लावला. "हे काढा. नाहीतर मी बोलायला उभी राहणार नाही."

"पण मॅडम, किती छान वाटतंय!" पलीकडचा मुलगा म्हणाला.

"माझ्या देशात या पदव्या कायद्यानं कधीच गेल्या. मी प्रथिनांवर बोलणार आहे, पणजोबांवर नाही."

पत्रिका पुन्हा छापल्या गेल्या.

दुपारी हॉकर सेंटरमध्ये, म्हणजे इथल्या स्वस्त खाण्याच्या गाळ्यांच्या मंडईत, जेवताना मी त्यांना विचारलं, "मग ही घराण्याची मुद्रा असलेली अंगठी का घालता?"

"बाबांच्या बोटात होती म्हणून. निर्वासित होऊन त्यांनी आयुष्यभर ट्रक चालवला. पणजोबांची मात्र गढी होती. तिथे राबणाऱ्यांची नावं आज कुणाला ठाऊक नाहीत. त्या गढीचा मान मी कशाला मिरवू?"

मला राहवलं नाही. म्हटलं, "आमच्या घरातही पिढीजात पद होतं. येसकरीचं."

त्यांना अर्थातच कळलं नाही. मी सांगितलं: गावाच्या वेशीची राखण, सरकारी सांगावे पोचवणं, मेलेली जनावरं ओढणं, आणि मोबदल्यात दारोदार मागून आणायची भाकर. हातात येसकराची काठी. बापानंतर ती मुलाच्या हातात. नको म्हणायची सोय नाही.

"मग सुटलात कसे?"

"आजोबांनी धम्मदीक्षा घेतली. घरी आले आणि काठी मोडून चुलीत घातली. गावानं पुष्कळ त्रास दिला, पण ते बधले नाहीत. मुलांना घेऊन शहरात आले."

त्यांनी चमचा खाली ठेवला. "आमच्याकडची पदवी कायद्याला काढून घ्यावी लागली. तुझ्या आजोबांनी आपणहून फेकली. ते मोठे."

अकरा वर्षांत मी ही गोष्ट सिंगापुरात कुणालाच सांगितली नव्हती. आपल्या मराठी माणसांना तर नाहीच.

त्याच रविवारी मरीन परेडला एका मराठी ओळखीच्यांकडे वास्तुशांतीचं जेवण होतं. यजमान आपल्या घराण्याच्या देशमुखीबद्दल भरभरून सांगत होते. मग माझ्याकडे वळले. "तुमचं मूळ घराणं कुठलं?"

एरवी मी गावाचं नाव सांगून विषय बदलायची. या वेळी म्हणाले, "आमच्याकडे येसकरी होती. आजोबांनी काठी जाळली, म्हणून मी शिकले."

वाढणारे हात थांबले. माझ्या दहा वर्षांच्या मुलीनं विचारलं, "आई, येसकरी म्हणजे?"

मी सगळ्यांदेखत, आवाज न उतरवता, सगळं सांगितलं.

"मग बरंच झालं ना जाळली, ला!" ती इथल्या मुलांसारखं शेवटी ‘ला’ लावून म्हणाली आणि परत जेवू लागली.

यजमानांनी दिवाळीला आम्हाला बोलावलं नाही. त्यांची बायको मात्र एका शनिवारी एकटीच आमच्या घरी आली. चहा घेता घेता म्हणाली, "तुमच्या आजोबांचं आणखी सांगा ना." मी पहिल्यापासून सुरुवात केली.