न बसवलेला चिरा

दर वैशाखात आम्ही विहीर उपसतो. आता पंप आहे. तो घरघरत माडांच्या आळ्यांत पाणी ओततो आणि मी काठावर बसून फार काम करत असल्यासारखा चेहरा करतो. पाणी तळाला गेलं की खालून एक वास वर येतो. चिखलाचा म्हणावा तर तेवढाच नाही. कुजलेल्या पानांचा, जुन्या होडीच्या पोटातला, थोडा विझलेल्या चुलीचा. तो वास आला की मला आमचे मास्तर आठवतात. चिखलाच्या वासाने माणूस आठवावा यात अपमान नाही. मास्तरांनी ऐकलं असतं तर खूशच झाले असते.

गोवा तेव्हा पोर्तुगीजांकडे होता आणि आम्ही रत्नागिरी जिल्ह्यात होतो. मास्तर घाटावरून आमच्या खाडीकाठच्या गावात इतिहास शिकवायला आले. माझा शाळेशी संबंध कौलांपुरता. पावसाआधी शाळेचं छप्पर परतायचं काम माझ्याकडे असे. वर्गात कधी बसलो नाही, पण वर्गाच्या डोक्यावर पुष्कळ बसलोय. एरवी खालून राजांची नावं यायची, त्या दिवशी मास्तर पोरांना विचारत होते, "ही माती इथे कधी आली? समुद्र नेहमी तिथेच होता का?" हा कसला इतिहास म्हणून मी कान लावायला वाकलो आणि हातातलं कौल थेट त्यांच्या टेबलावर पडलं. मास्तरांनी वर पाहिलं, तुकडा उचलला आणि पोरांना म्हणाले, "हीसुद्धा मातीच. बघा, कशी आपणहून वर्गात आली." संध्याकाळी मी माफी मागायला गेलो आणि त्यांना आमच्या पडवीतली खोली भाड्याने देऊन आलो. माफी राहूनच गेली.

रात्रीच्या जेवणानंतर ते पडवीत बसून बोलत. लिहिलेला इतिहास म्हणजे विहिरीच्या काठाजवळचा वरचा थोडासा भाग, असं ते म्हणत. खाली कितीतरी खोल माणूस आहे, त्याने कागद ठेवला नाही, दगड ठेवले, राख ठेवली, आतलं खाऊन फेकून दिलेले शिंपले ठेवले. ते वाचायचे तर मातीची विद्या पाहिजे, झाडांची पाहिजे, समुद्राची पाहिजे. लिहिता येत नव्हतं त्या काळाला म्हणे प्रागैतिहासिक म्हणतात. मी म्हटलं, "म्हणजे मीपण त्यातलोच. माका खंय लिवूक येता?" मास्तर इतके हसले की त्यांचा चष्मा पडला. बायको आतून म्हणाली, "ता तुमचा तोंड बघून कोणय सांगात!"

विहिरीचा दाखला त्यांनी सहज दिला होता, पण आमच्या घरात तो विषय नाजूक होता. लग्न ठरवताना मी सासऱ्यांना आमची विहीर दाखवली होती. म्हणजे विहिरीची जागा. त्यानंतर कित्येक उन्हाळे बायको मळा ओलांडून देवळाच्या विहिरीवरून डोक्यावर हंडे आणत होती. शेवटी त्या वर्षी मी खणायला घेतली. जागा फणसाच्या सावलीत, खणताना ऊन लागू नये म्हणून. लोकांना मात्र सांगितलं, पाणी शोधताना इथेच हातावर नारळ उभा राहिला. नारळ उभा राहिला होता हे खरं; मी तो अंगठ्याने धरला होता.

आधी पुळण लागली, समुद्रकाठी असते तशी वाळू, तिच्याखाली शिंपले. थोडेथोडके नव्हेत, थरच्या थर, आणि खाडी तिथून चांगली लांब. मास्तर शाळेतून आले ते चपलांसकट शिडीने खाली उतरले आणि हातात एक कालवाचा शिंपला घेऊन देवाचा प्रसाद मिळाल्यासारखे उभे राहिले. "इथे पाणी होतं. भरतीचं. आपण आता समुद्राच्या तळावर उभे आहोत. थोडं थांबा, खणू नका. मला हे नीट बघू द्या."

बायको वर काठावर उभी होती. तिने हंडा कमरेवरून खाली ठेवला. "मास्तरांनू, दर्या हय होतो म्हणतास. मगे माका एक सांगा. पाणी गोडा येतला की खारा?"

इतका शिकलेला माणूस काहीतरी सांगून वेळ मारून नेईल असं मला वाटलं. मी असतो तर नेली असती. ते म्हणाले, "वहिनी, मला खरंच ठाऊक नाही. खणल्याशिवाय कळणार नाही."

"मगे खणूया," ती म्हणाली. "पण तुमी आधी बघून घ्या काय ता. इतकी वर्सा थांबलंय, आणि दोन दिवस थांबान." मग माझ्याकडे वळून, "खारा इला तर तुमका त्याच बावीत सोडतलंय. नारळ घेवन."

मास्तरांनी शिंपले निवडले, पुसले, ओळीने मांडले. पुन्हा खणायला घेतलं. खाली काळा चिखल लागला आणि त्यात आडवं पडलेलं एक झाड. सालीसकट, फांदीसकट, कोळशासारखं काळं, पण नखाने टोचलं तर मऊ. शेजारचे खणायला आलेले गडी लगेच वर चढले. जागेचा राखणदार असणार म्हणाले. गाऱ्हाणं घातल्याशिवाय कुणी कुदळ उचलेना. मीच नारळ फोडला आणि हात जोडले, "बा देवा म्हाराजा, तुझ्या जाग्यार आमी पाण्यासाठी खणतंव. आमच्या घरकारणीक गोडा पाणी दी, आणि ह्या मास्तरांका झाडाचा वय कळात असा कर रे म्हाराजा!" सगळे म्हणाले, "व्हय म्हाराजा!" त्यात मास्तरांचा आवाज सर्वांत मोठा होता.

त्या लाकडाचे तुकडे वर काढून अंगणात वाळत घातले. मास्तर ते कोल्हापुरातल्या एका जाणत्या माणसाकडे पाठवणार होते. इकडे झाडाच्या मुळाखालून पाणी झिरपू लागलं. चहासारखं. पहिला घोट मी घेतला, मोठ्या मर्दानगीने, आणि चेहरा असा झाला की बायको हंडा उचलून मळ्याकडे चालू लागली. तिची ती पाठ मला अजून दिसते. आम्ही उपसत राहिलो. उपसलं की काळं, पुन्हा उपसलं की जरा कमी काळं.

एका सकाळी मास्तर न्हाणीत होते. बाहेर येऊन टॉवेल खांद्यावर टाकत म्हणाले, "आज पाण्याला कसला वास येत होता हो? आणि ती अंगणातली लाकडं कुठे आहेत?"

"ती सुकलेली?" बायको म्हणाली. "ती हंड्याखाली घातलंय. मेली जळतत कमी नि धुरवतत जास्त."

कधीपासून जमिनीत झोपलेलं झाड, आणि आम्ही त्याच्यावर एका मास्तरापुरतं कढत पाणी केलं. मास्तर ओल्या केसांनी चुलीपुढे बसले आणि राखेत हात घालून बघू लागले. बायको घाबरून त्यांच्याकडे बघत राहिली. मी पुढे होऊन म्हटलं, "मास्तर, इतिहास अंगार वतून घेतलेलो माणूस तुमच्याशिवाय दुसरो नाय." ते हसले, पण उशिराने.

त्याच दिवशी तिने विहिरीतून कळशी काढली, ओंजळ प्याली, आणि पुन्हा प्याली. मग फुलपात्र भरून आधी मास्तरांपुढे ठेवलं. गोडं होतं.

आता पाऊस जवळ आला होता. विहीर चिऱ्यांनी बांधली नसती तर पहिल्या झडीत ढासळली असती, आणि बांधली की कडेच्या मातीत उरलेलं झाड कायमचं आत. मास्तरांची बदलीही आली होती. ते काठावर उभे राहून चिरे चढताना बघत, पण थांबवा म्हणत नव्हते. काळ्या थरापाशी बांधकाम आलं तेव्हा बायकोनेच वरून गवंड्याला हाक मारली, "थयलो एक चिरो बसवा नको. मास्तरांका दिसाक व्हया." गवंडी म्हणाला, भिंत कच्ची राहील. ती म्हणाली, "ऱ्हवांदे."

मास्तर शिंपले ट्रंकेत घालून गेले. त्या बिळातून काढलेला लाकडाचा एक तुकडाही नेला. झाडाचं वय मात्र आम्हाला कधी कळलं नाही. कदाचित जाणत्या माणसालाही कळलं नसेल, कदाचित उत्तर वाटेत राहिलं असेल. मी पुढे अक्षरं शिकलो, उशिरा आणि वाकडी. म्हणजे आता मी इतिहासात आलोय. पण त्या झाडाखाली कुणी सावलीला बसलं असेल का, त्याची बायकोही पाणी खारं की गोडं असं विचारत असेल का, हे मनात येतं तेव्हा मी अजून खालच्याच थरात असतो. तिथे बरं वाटतं.

यंदा उपसताना नवा गवंडी तळाशी उतरला आणि ओरडला, "आजोबा, हय चिरो पडलोहा. सिमेंट मारू काय?"

मी काही म्हणायच्या आत पडवीतून बायकोचा आवाज आला. आता तिला नीट ऐकू येत नाही, पण हे ऐकू आलं. "हात लावू नको थय. ती मास्तरांची खिडकी आसा."

तो बिचारा वर आला, तीही पडवीतून उठून आली. पंप बंद केला. आम्ही तिघं काठावर उभे राहिलो, आणि खाली त्या काळ्या बिळातून पाणी पुन्हा येऊ लागलं.