भोंगा

आमच्या धुलाई कारखान्यात इस्पितळांच्या चादरी येतात. यंत्रं सुरू झाली की शेजारणीचं बोलणंही ऐकू येत नाही, म्हणून जेवणाची सुट्टी झाल्याचं सांगायचं काम माझ्या मैत्रिणीचं, भोंगाचं. हे नाव मुकादमाने ठेवलेलं. "चला गं बायांनो, पोटं वाट बघतायत!" अशी तिची हाक गेली की मागच्या गोदामातले हमालही हात पुसायला लागायचे.

एका दुपारी चादरी न्यायला येणाऱ्या गाडीवाल्याने तिला त्याच गोदामात एकटं गाठलं आणि तिच्यावर बळजबरी केली. सगळे त्याला काका म्हणायचे, मीसुद्धा. नंतर गाठोडी भरून तो नेहमीसारखा निघून गेला.

भोंगाने त्याच दिवशी आईला सांगितलं. आई भाजी चिरत होती. तिने विळी बाजूला सारली आणि विचारलं, "आणि तू ओरडली नाहीस? तू? अख्खी गल्ली गोळा करणारी, तुझी नेमकी तेव्हाच दातखीळ बसली?" आई रागावली नव्हती. तिला खरंच कळत नव्हतं. रागावली असती तर परवडलं असतं, निदान उलट भांडता तरी आलं असतं.

घरात तो विषय पुन्हा निघाला नाही. गाडीवाल्याला दुसरीकडे काम मिळालं, तेव्हा मुकादमाने त्याच्या पाठीवर थाप मारून निरोप दिला. भोंगा चादरींच्या ढिगामागे उभी होती.

ती कामावर येत राहिली, पण हाक बंद झाली. "घसा बसलाय," म्हणायची. घसा काय महिनोन् महिने बसतो? पण विचारतंय कोण! मुकादमाने शेवटी घंटा आणली आणि वर तिलाच टोमणा मारला, "भोंगा फुकटात होता तोवर बरा होता." ती भिंतीला पाठ लावून एकटीच जेवायची. कुणी मागून खांद्यावर हात ठेवला की हातातला डबा सांडायचा. बायका म्हणायच्या, हिला शिंगं फुटलीत. त्यांची तोंडं मला चादरीत गुंडाळावीशी वाटायची.

मी तिच्याच इमारतीत, समोरच्या खोलीत राहते. तरी मलाही हे सगळं उशिराच कळलं. एकदा मोठं यंत्र पूर्ण वेगात असताना, त्याच्याकडे तोंड करून ती ओरडताना दिसली. गळ्याच्या शिरा ताठलेल्या. मागून न जाता मी समोर जाऊन उभी राहिले. यंत्र थांबल्यावर तिने सांगितलं.

"रोज बघते, येतो का आवाज. रोज येतो गं. मग तेव्हाच कुठे मेला होता? आई म्हणते त्यात तथ्य असेल. माझंच काहीतरी..."

"तुझं काही नाही. जे केलं ते त्याने केलं."

ती चादरींच्या घड्या घालायला वळली. मैत्रीण असं म्हणणारच. तिला ते आईच्या तोंडून हवं होतं.

मग गेल्या आठवड्यात इस्त्रीच्या रोलरमध्ये चादरीबरोबर माझी बाही गेली. माझं तोंड काही कमी चालत नाही, पण जीभ टाळूला चिकटली. हात दुसऱ्याच कुणाचा असावा तशी मी बघत राहिले. भोंगाने धावत येऊन यंत्र बंद केलं. दोन बोटं भाजली, तेवढ्यावर निभावलं.

संध्याकाळी तिची आई मला बघायला आली. भोंगा माझ्याच स्वयंपाकघरात चहा करत होती. आईने माझा पट्टी बांधलेला हात मांडीवर घेतला.

"मावशी, साधी किंचाळलेही नाही हो मी," मी म्हटलं.

"कशी किंचाळशील, बाळा?" आई म्हणाली. "जिवावर बेतल्यावर आवाज कुठून फुटणार? माणसाचा दगड होतो."

भोंगा कप घेऊन दारातच थांबली.

"मग माझा कुठून फुटणार होता, आई?"

हळूच म्हणाली, पण खोली लहान. आई मान खाली घालून माझी पट्टी सारखी करत बसली. ती आधीच नीट होती. मी मनात म्हणत होते, बोल गं बाई, मला आत्ता जे म्हणालीस तेच तिला म्हण.

"चहा निवतोय," आई म्हणाली.

भोंगाने कप आमच्यापुढे ठेवले आणि समोर आपल्या खोलीत निघून गेली. आईने चहाला हात लावला नाही. पण उठून तिच्या मागे गेलीही नाही.