दुखवट्याच्या घरी वल्हांडण

केरळातल्या मीनच्चिल नदीच्या काठावर आमच्या ख्रिस्ती लोकांची जेवढी घरं आहेत, त्या प्रत्येक घरात पवित्र गुरुवारी वल्हांडणाची भाकर होते. तांदूळ भाजून दळायचे, उडीद वाटायचे, दोन्ही कालवून लगेच ताटलीत ओतून वाफवायचं. आंबू द्यायचं नाही. वर झावळ्यांच्या रविवारी देवळातून आणलेल्या पात्याचा छोटा क्रूस ठेवायचा. सोबत नारळाचं दूध, त्यात गूळ आणि सुंठ. दिवेलागणीला प्रार्थना झाली की घरातला थोरला पुरुष ती भाकर मोडतो आणि थोरल्यापासून धाकट्यापर्यंत एकेकाच्या ओंजळीत देतो.

मात्र ज्या घरात वर्षभरात कुणी गेलं असेल, तिथे भाकर करायची नाही. तिथे शेजाऱ्यांनी न्यायची.

आणि नेण्याचं काम आमच्याकडे एलीश्वा चेडत्तीचं. चेडत्ती म्हणजे थोरली वहिनी. तिला सगळा गावच चेडत्ती म्हणे, तिच्याहून दहा वर्षांनी मोठे असलेले म्हातारेसुद्धा. बुटकी, काळीसावळी बाई. पांढरं पोलकं, कमरेला गुंडाळलेलं पांढरं मुंडू, मागे पंख्यासारख्या निऱ्या, कानाच्या वरच्या पाळीत सोन्याचं जड कडं. चौतिसाव्या वर्षी नवरा गेला. त्यानंतर रबराची झाडं तिनं स्वतः तासली. सूर्य उगवायच्या आत दोनशे झाडांच्या वाट्या लावून ती पहिल्या मिस्साला देवळात हजर असे, हाताला चिकाचा वास तसाच.

दुखवट्याच्या घरी भाकर पोचवली की ती बसायची नाही. "दुःखातल्या माणसाला पाहुणचार करायला लावू नये," म्हणायची आणि उंबऱ्यावरूनच परतायची. पण तिनं नेलेली भाकर कधी भेगाळलेली नसायची. भेगाळली तर ती आपल्या घरी ठेवी आणि दुसरी लावी.

पोरं दरवर्षी विचारत, पीठ आंबवत का नाही? चेडत्ती दरवर्षी नव्यानं सांगितल्यासारखं सांगे. "मिसरातून निघायचं होतं, पीठ फुगायला वेळ कुठला? कोकराचं रक्त चौकटीला लावलं, तेव्हा मरण त्या दारावरून ओलांडून गेलं. मग पुढे प्रभू स्वतःच कोकरू झाला. गुरुवारी भाकर मोडून म्हणाला, हे माझं शरीर. म्हणायला सोपं आहे रे. शुक्रवारी त्यानं ते खरं करून दाखवलं."

त्या वर्षी मात्र मरण तिच्या दारावरून ओलांडून गेलं नाही. मिरगाच्या आठवड्यात तिचा एकुलता एक मुलगा ईपन रबराच्या लाद्या घेऊन पाला गावच्या बाजाराला निघाला. जीप शेजारच्या लूकाच्या मुलाची, पाइलीची. चालवत होता पाइलीच, आणि निघण्याआधी तो ताडीच्या दुकानात जाऊन आला होता, हे सगळ्यांना नंतर कळलं. रस्त्याकडेच्या छोट्या देवळाच्या वळणावर जीप दरीत गेली. दोघंही गेले. ईपनच्या मागे बायको ब्रिजिता आणि तीन वर्षांची लिसी. पाइलीच्या मागे आईबाप, सोसम्मा आणि लूका.

दोन घरांच्या मध्ये टॅपिओकाच्या शेताचा एक तुकडा. त्या दिवसापासून तो तुकडा समुद्रासारखा रुंद झाला. लूका देवळात यायचा तो नदीकडून वळसा घालून, आणि मागच्या खांबाआड उभा राहायचा.

पवित्र गुरुवार आला. चेडत्तीच्या घरी दुपारपासून भाकरी यायला लागल्या. जिनं सगळ्यांना नेऊन दिली, तिला सगळे आणून देत होते. उन्हं कलली तोवर सहा झाल्या. सातवी घेऊन आली वरच्या आळीतली क्लारम्मा.

"ही घ्या चेडत्ती. गूळ यंदा चांगला मिळाला नाही, दूध जरा काळं दिसतंय. बोलू नका."

"काळं नाही गं, करपलंय."

"दुःखातसुद्धा तुमची जीभ काही बोथट होत नाही."

"बोथट झाली तर तुझी भाकर कशी कापू?"

क्लारम्मा हसली, पदरानं डोळे पुसले. चेडत्तीनं भांडं झाकून ठेवलं आणि विचारलं, "लूकाकडे कुणी नेली?"

क्लारम्मा माडाच्या शेंड्याकडे बघू लागली.

"क्लारे, झाडावर काय आहे? लूकाकडे कुणी नेली?"

"कुणीच नाही. म्हणजे बसून ठरवलं असं नाही हो. पण नेली असती तर तुम्हाला काय वाटलं असतं? तुमच्या डोळ्यांदेखत त्या घरी—"

"म्हणजे माझ्यासाठी?"

"तुमच्यासाठीच की!"

चेडत्ती ओट्यावर बसली. गावानं तिचा मान ठेवला होता. सगळ्यांनी मिळून, काहीही वाईट मनात न आणता, एका दुखवट्याचं घर वल्हांडणावाचून ठेवलं होतं. घरात सात भाकरी होत्या, पण त्यातली एकही तिला उचलून पाठवता येत नव्हती. क्रूसाची भाकर ज्या घरी येते, त्याच घरी मोडायची, हा नियम. नवी करावी तर तिच्याही घरी दुखवटा. दुसऱ्या कुणाला सांगावं तर तेवढा वेळ उरला नव्हता.

क्लारम्मा गेल्यावर तिनं सुनेला हाक मारली. "ब्रिजिता, मी लूकाला आणि सोसम्माला आपल्या घरी बोलावून आणते. भाकर लूका मोडेल."

यंदा घरात पुरुष नव्हता. चेडत्तीनंच मोडावी, असं पाद्रीबाबांनी आधीच सांगून ठेवलं होतं.

ब्रिजिताच्या हातातला तांब्या तिथेच राहिला. "अम्मच्ची, त्या माणसाच्या हातून मी घेणार नाही."

"नको घेऊस. मला बोलवू दे, एवढंच."

"तुमचा मुलगा गेला तसा माझा नवरा गेला. तुम्ही माफ केलंत, ते तुमचं झालं. माझं काय?"

"तुझं तुझ्यापाशी. तुझ्या वतीनं मी काही देऊन टाकायला निघाले नाही. आणि माफ केलं असं मी कुठे म्हणाले? रोज सकाळी करते. दुपारपर्यंत टिकत नाही."

ब्रिजितानं तांब्या खाली ठेवला.

"पोरी, त्या गुरुवारी प्रभूनं यहूदालासुद्धा पंगतीतून उठवलं नव्हतं. सगळं माहीत असून तुकडा बुडवून त्याच्या हातात दिला. लूकानं तर काही केलेलंच नाही. त्याचा पोरगा गेला, इतकंच."

मग ती टॅपिओकातून सरळ चालत गेली. दहा महिन्यांत त्या वाटेवर गवत उगवलं होतं. पुढचं सगळं मला सोसम्मानं सांगितलं, पुष्कळ वर्षांनी, आणि सांगताना दोनदा थांबली.

लूका ओसरीवर बसला होता. अजून दिवा लावला नव्हता. दोघं नवराबायको साधी पेज पिऊन मोकळी झाली होती. चेडत्ती येताना दिसली तसा तो धडपडत उठला.

"चेडत्ती? गाय शिरली का तुमच्या बागेत?"

"गाय नाही आली. तूही नाही आलास."

"कोणत्या तोंडानं येऊ?"

"आहे त्याच तोंडानं. दुसरं कुठून आणणार आहेस? सोसम्मा, ऊठ. हातपाय धुवा दोघं. आमच्याकडे भाकर आहे आणि मोडायला पुरुष नाही."

"माझ्या हातून?" लूकानं हात मागे घेतले. "चेडत्ती, ती जीप मी घेऊन दिली त्याला. ही नको म्हणत होती. मी म्हणालो, पोरगा आहे, हौस आहे."

चेडत्ती ओसरीची पायरी चढून त्याच्या समोर आली. मग म्हणाली, "ईपन बसनं जाणार होता. मीच म्हणाले, ताटकळत कशाला बसतोस, पाइली निघालाच आहे. हे मी कुणाला सांगितलेलं नाही. ब्रिजितालासुद्धा."

सोसम्मा मला म्हणाली, त्यानंतर कुणी काही समजावलं नाही. लूका विहिरीवर गेला आणि पाणी ओतून घेऊ लागला.

तिघं परत आली तेव्हा ब्रिजितानं दिवा लावला होता, चटई अंथरली होती, पांढरं कापडही घातलं होतं. स्वतः मात्र स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. चेडत्तीनं दारातच तिला सांगितलं, "बसचं मी लूकाला सांगितलं ते तुलाही सांगते. ईपनला जीपनं जा म्हणणारी मीच." ब्रिजितानं सासूकडे पाहिलं. तशीच चौकटीला टेकून राहिली.

प्रार्थना झाली. लूकानं क्रूसाचं पातं उचलून बाजूला ठेवलं. भाकर मोडताना सोसम्मानं ताटली धरली. पहिला तुकडा चेडत्तीला. तिनं दोन्ही हात पुढे केले, कपाळाला लावून घेतला. दुसरा सोसम्माला. तिसरा ब्रिजिताचा.

ब्रिजिता हलली नाही. तिच्या आधी लिसीला देता येत नव्हतं. तसा क्रमच नाही. पोर चटईवर ओंजळ करून बसलेली. लूकाचा हात हवेत. एरवी ज्या बाईची जीभ कुणी थांबवू शकलं नाही, ती चेडत्ती मान खाली घालून बसली होती. ती एक शब्द बोलली असती तर सून उठून आली असती, मोडून आली असती. म्हणून ती बोलली नाही. तिच्या सगळ्या आयुष्यातलं मोठं काम मला विचाराल तर ते हेच, त्या वेळचं न बोलणं.

शेवटी लूका म्हणाला, "पोरी, इथे खाली ठेवतो. आम्ही गेल्यावर घे."

"खाली नका ठेवू," ब्रिजिता म्हणाली. "ती खाली ठेवायची वस्तू नाही."

ती आली. त्याच्या चेहऱ्याकडे न बघता गुडघे टेकले आणि ओंजळ पुढे केली. तुकडा हातात पडला तेव्हा लूकाचा हुंदका फुटला, आणि तिनं तो ऐकून न ऐकल्यासारखा केला. बराच वेळ तिनं तुकडा तोंडात घातला नाही. मग घातला.

लूका पुढचा तुकडा घेऊन लिसीकडे वळला.

"लहान द्या," ब्रिजिता त्याला म्हणाली. "मोठा तिच्या घशात अडकतो."

लूकानं तो तुकडा पुन्हा मोडला.